काळे काकांना फोन लाव

ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. चालकाने फक्त २ सेकंद नजर खाली वळवली तर गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते आणि तेवढा रस्ता त्याने पाहिलेलाच नसतो. फोनमध्ये नावांची यादी उघडायची, बोटाने सरकवत 'क'पर्यंत यायचं, तिथल्या तीन काळ्यांमधून नेमके काका शोधायचे आणि नावावर बोट टेकवायचं, हे २ सेकंदांत होणारं काम नाही. मोटारीतल्या पडद्यांसाठी अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. कोणत्याही कामासाठी चालकाची नजर एका वेळी २ सेकंदांहून जास्त आणि सगळी मिळून १२ सेकंदांहून जास्त रस्त्यावरून हटू नये, असं त्यांत म्हटलं आहे. नाव शोधण्याच्या खटपटीत ही मर्यादा कधी ओलांडली जाते ते चालकाला कळतही नाही.

म्हणून मोटारीला कान आले. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर आणि तोंडाने फक्त एक वाक्य, अशी ही सोय. ती कशी चालते, मराठी माणसाच्या बाबतीत ती कुठे अडखळते आणि तिच्याकडून कशाची अपेक्षा धरू नये, हे या प्रकरणात पाहू.

मोटारीतून बोलून फोन लावणं ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात बेल कंपनीची मोटार-टेलिफोन सेवा सुरू झाली. त्या फोनवर स्वतः आकडे फिरवण्याची सोय नव्हती. चालकाने रिसीव्हर उचलून एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला नंबर सांगायचा आणि तिने जोडून द्यायचा. म्हणजे सुरुवात बोलण्यापासूनच झाली, फक्त ऐकणारं माणूस होतं. पुढे डायल आली, बटणं आली, पडदा आला आणि काम तोंडाकडून बोटांकडे गेलं. यंत्राला ऐकायला शिकवेपर्यंत ते तिथेच राहिलं.

ही शिकवणी लांबली. १९५२ साली बेल प्रयोगशाळेने 'ऑड्री' नावाचं यंत्र बनवलं. त्याला शून्य ते नऊ हे आकडे ओळखता येत, पण बोलणाऱ्याने मध्ये थांबत बोलायचं आणि यंत्र आधी त्याच्याच आवाजावर जुळवून घ्यायचं. या दहा शब्दांसाठी त्याला पुरुषभर उंचीचं कपाट लागत असे. १९७६ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात 'हार्पी' तयार झालं, त्याची शब्दसंपदा १,०११. या विद्यापीठातल्या संशोधनाचे अध्वर्यू राज रेड्डी हे आंध्रातल्या कातूर गावचे. १९९४ साली त्यांना संगणकशास्त्रातलं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. आज कोणत्याही गाडीत आवाज ओळखला जातो त्याच्या पायाशी त्यांच्या पिढीची कामगिरी आहे. मोटारीत हे तंत्र आलं ते १९९६ मध्ये, मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये 'लिंग्वाट्रॉनिक' या नावाने, आणि तेही मुख्यतः फोनसाठीच. २००७ मध्ये फोर्ड आणि मायक्रोसॉफ्टच्या 'सिंक'ने ते सामान्य किमतीच्या गाड्यांत आणलं. २०११ मध्ये सिरी आली, २०१४ मध्ये ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो जाहीर झाले, आणि ऐकण्याचं काम मोटारीकडून खिशातल्या फोनकडे सरकलं.

आता एक वाक्य घेऊ आणि त्याच्या मागोमाग जाऊ: "काळे काकांना फोन लाव."

स्टिअरिंगवरचं बोलणाऱ्या चेहऱ्याचं किंवा माइकचं चित्र असलेलं बटण दाबलं की गाडी आधी स्वतःचं तोंड बंद करते. गाणं थांबतं, कारण स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरला तर गायकाचा शब्द कुठला आणि चालकाचा कुठला हे वेगळं काढणं जड जातं. माइक बहुधा छतात, आतल्या दिव्यांच्या पट्टीत किंवा आरशाजवळ असतो, तोंडापासून चांगला हातभर लांब. वाक्य तिथवर पोचतं तेव्हा त्यात टायरांची घरघर, खिडकीच्या फटीतून येणारा वारा, एसीच्या पंख्याचा सूं सूं आवाज आणि मागच्या ट्रकचा हॉर्न मिसळलेला असतो. दोन किंवा अधिक माइक असलेल्या गाड्यांत एक युक्ती करता येते. चालकाचा आवाज एका माइकला किंचित आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर मिळतो. हा सूक्ष्म फरक मोजून यंत्र चालकाच्या दिशेने येणारा आवाज ठळक करतं आणि बाकीच्या दिशांचा दाबतं.

यंत्राला हॉर्नचा त्रास होतो, पण माणसाच्या एका सवयीचा त्याहून जास्त होतो. गोंगाट वाढला की आपण नकळत मोठ्याने बोलू लागतो. फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गोष्ट नोंदवली आणि १९११ साली प्रसिद्ध केली, म्हणून तिला लोंबार परिणाम म्हणतात. अशा वेळी आवाज नुसता मोठा होत नाही, त्याची पट्टी चढते, स्वर लांबतात आणि त्यांचा पोतही बदलतो. पहिल्या प्रयत्नात यंत्राला कळलं नाही की माणूस चिडून दुसऱ्यांदा ओरडतो, आणि "काऽऽळेऽऽ" असं ओरडलेलं नाव यंत्राला आणखी अनोळखी वाटतं. दुसऱ्या वेळी काच वर करावी, पंख्याचा वेग एका पायरीने कमी करावा आणि नेहमीच्या बोलण्यातल्या गतीने तेच वाक्य म्हणावं. तुटक तुटक, शब्दागणिक थांबून बोलणं ऑड्रीच्या काळात गरजेचं होतं. आजचं यंत्र अखंड वाक्यावर शिकलेलं असतं, त्याला तुटक बोलणंच अवघड जातं.

पुढे आवाजाचे तुकडे होतात. सुमारे २५ मिलिसेकंदांचा एक तुकडा आणि दर १० मिलिसेकंदांनी नवा, असे २ सेकंदांच्या वाक्याचे साधारण २०० तुकडे. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनांना किती जोर आहे ते मोजलं जातं आणि त्यावरून तिथे कोणता ध्वनी असण्याची किती शक्यता आहे हे ठरतं. यंत्र 'काळे' असं छातीठोकपणे कधीच ऐकत नाही. त्याच्याजवळ 'काळे', 'काले', 'गाळे', 'खाले' अशा शक्यता असतात आणि प्रत्येकीला गुण दिलेले असतात. ब्लूटूथचा मार्ग जुन्या पद्धतीचा असेल तर आवाज सेकंदाला ८,००० नमुन्यांनी जातो आणि साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचा भाग गळून पडतो. 'स'चा बराचसा जोर त्याच गळालेल्या भागात असतो, त्यामुळे 'स', 'श' आणि 'फ' यांतला फरक पुसट होतो. नव्या गाड्यांत आणि फोनमध्ये १६,००० नमुन्यांचा मार्ग असतो, तिथे ही अडचण बरीच कमी होते.

या गोंधळातून यंत्राला वाचवते ती तुमची फोनची यादी. जगातली सगळी नावं शक्य धरली तर यंत्र हरेल. पण "फोन लाव" कळलं की नाव तुमच्या यादीतलंच असणार, हे गृहीत धरून ते त्या नावांना झुकतं माप देतं. यादीत 'गाळे' कोणी नसेल आणि 'काळे काका' असतील तर निकाल सोपा. म्हणून आवाजाने फोन लागणं न लागणं यंत्राच्या हुशारीइतकंच यादी कशी लिहिली आहे यावर अवलंबून असतं. माझ्या मते ते जास्त यादीवरच अवलंबून असतं.

आपल्या याद्या डोळ्यांसाठी लिहिलेल्या असतात, कानासाठी नाही. 'पाटील', 'पाटील २', 'पाटील नवीन', 'प्रकाश प्लं', 'झेड सुनील'. डोळ्याला हे पुरतं. पण "पाटील नवीनला फोन लाव" असं चालत्या गाडीत कोणाच्या तोंडात येत नाही, आणि नुसतं "पाटील" म्हटलं की यंत्र चार पाटील वाचून दाखवून 'यांपैकी कोण' विचारतं. त्यात नजर पडद्याकडे जाते आणि सगळी सोय तिथेच संपते. 'पाटील सर शाळा', 'पाटील गॅसवाले', 'प्रकाश प्लंबर' ही नावं बोलता येतात. ज्यांना गाडीतून खरोखर फोन करावा लागतो अशी माणसं प्रत्येकाच्या यादीत थोडीच असतात. तेवढ्यांची नावं घरी बसून नीट केली तरी काम होतं.

छोटी नावं यंत्राला जड जातात. 'आई' या नावात एकही व्यंजन नाही, नुसते दोन स्वर. व्यंजनांनी शब्दाला कडा येतात. त्या नसल्या की गाडीच्या घरघरीत 'आई', 'ताई', 'माई', 'बाई' हे सगळे एकमेकांत विरघळतात. सगळ्यात जास्त फोन जिला होतात तिचंच नाव ओळखायला सगळ्यात अवघड! 'आई घरचा' किंवा 'आई मोबाइल' असं दोन शब्दी नाव ठेवलं तर यंत्राला धरायला काहीतरी मिळतं.

मराठी आडनावांचा आणि रोमन अक्षरांचा संसार तर वेगळाच आहे. आपण यादी बहुधा रोमन लिपीत ठेवतो आणि आपली कित्येक आडनावं रोमनमध्ये लिहिली की इंग्रजी शब्द होतात. मोरे, दाते, माने, साने, गोरे, दिवे, काळे. इंग्रजीवर शिकलेलं यंत्र 'मोरे' हे 'मोअर' असं वाचतं, 'दाते' हे 'डेट', 'साने' हे 'सेन' आणि 'दिवे' हे 'डाइव्ह'. तुम्ही म्हणता मोरे, यंत्र यादीत शोधतं तो 'मोरे' उच्चाराचा माणूस, आणि यादीतला माणूस त्याच्या लेखी 'मोअर' असतो. दोघं समोरासमोर येऊनही ओळख पटत नाही. 'ज्ञानेश्वर'मधला 'ज्ञ', 'काळे'तला 'ळ' आणि 'साठे'तला 'ठ' रोमनमध्ये मुळी लिहिताच येत नाहीत. 'साठे' आणि 'साथे' एकसारखे दिसतात.

यावर दोन उपाय आहेत. फोनच्या संपर्क यादीत नावाच्या खाली उच्चार लिहिण्यासाठी वेगळा रकाना असतो. बहुतेकांनी तो कधी उघडलेला नसतो, कारण 'आणखी रकाने' दाबल्याशिवाय तो दिसत नाही. यंत्र इंग्रजीवर ठेवलं असेल तर तिथे उच्चाराला जवळ जाणारं स्पेलिंग घालावं, मोरेंसाठी शेवटचा 'ए' ऐकू येईल असं. दुसरा उपाय यंत्रालाच मराठी करण्याचा. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये बोलून टंकलेखनासाठी मराठी आणली आणि २०१८ मध्ये गूगल असिस्टंट मराठीत आला. ही भाषा निवडून नावं देवनागरीत ठेवली तर 'ळ' आणि 'ठ' जागच्या जागी राहतात. मात्र जुन्या स्टिरिओच्या पडद्यावर देवनागरी अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतात, त्यामुळे आधी एका नावावर करून पाहावं.

मराठी वाक्यातून नाव काढणं हे इंग्रजीहून अवघड काम आहे, आणि ते यंत्र करू लागलं आहे याचं मला खरोखर कौतुक वाटतं. इंग्रजी हुकमात क्रियापद आधी येतं. पहिला शब्द ऐकताच पुढे नाव येणार हे यंत्राला कळतं. मराठीत नाव आधी येतं आणि ते जसंच्या तसंही येत नाही. यादीत 'कुलकर्णी' असतात, आपण म्हणतो "कुलकर्ण्यांना फोन लाव". गोखले 'गोखल्यांना' होतात, घर 'घरी' होतं, दुकान 'दुकानात' होतं. यादीतलं 'आत्या पुणे' हे आपल्या तोंडी 'पुण्याच्या आत्याला' असं उलटून येतं. शिवाय आपण फोनही 'लावतो' आणि गाणंही 'लावतो'. "आशा लाव" म्हटल्यावर मावशीला फोन करायचा की गाणं वाजवायचं, हे यंत्राने कशावरून ठरवावं? म्हणून 'फोन' हा शब्द गाळू नये, आणि यंत्र अडखळू लागलं तर नाव विभक्ती न लावता, यादीत आहे तसं म्हणावं: "फोन लाव, कुलकर्णी वकील."

काही वेळा दोष ऐकण्याचा नसतोच. गाडी आणि फोन पहिल्यांदा जोडताना फोन विचारतो की संपर्क यादी गाडीला द्यायची का. घाईत 'नाही' दाबलं गेलं तर फोन येतो, बोलणंही होतं, पण नावाने फोन लागत नाही, कारण गाडीला एकही नाव माहीत नसतं. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये जाऊन ही परवानगी पुन्हा देता येते. दुसरा घोळ दोन कानांचा. गाडीचा स्वतःचा सहायक वेगळा आणि फोनमधला वेगळा. बऱ्याच गाड्यांत बटण थोडा वेळ दाबलं की पहिला जागा होतो आणि दाबून धरलं की दुसरा. गाडीचा सहायक ठरलेले हुकूमच ओळखतो पण त्याला इंटरनेट लागत नाही. फोनमधला मोकळं बोलणं समजतो, पण घाटात रेंज गेली की तो अनेकदा गप्प होतो. वरंध्यात किंवा आंबोलीत अडचण येते ती बहुधा यामुळे. तशीही रेंज नसेल तर फोन लागणारच नाही, पण रेंज अर्धवट असते तेव्हा गाडीचा सहायक जास्त कामाला येतो. आणि गाडी विकताना किंवा भाड्याची गाडी परत करताना तिच्यात उतरलेली यादी आठवणीने पुसून टाकावी. आपल्या सगळ्या नातेवाइकांचे नंबर त्यात असतात.

यादीत नाव नसलं तरी आकडे बोलून फोन लावता येतो. भारतभर चालणारा ११२ हा आपत्कालीन क्रमांक असाच एकदा, गाडी उभी असताना, फोन न लावता पण यंत्र आकडे बरोबर ऐकतं का हे पडद्यावर पाहून तपासून ठेवावा. फोन जोडला जाण्याआधी रद्द करायला मात्र विसरू नये.

इथवर सगळं हात आणि डोळे यांच्याबद्दल झालं. गाडी चालवणारं तिसरं जे आहे, ते मन, आणि त्याची बाब इतकी सरळ नाही.

१९९७ साली रेडलमायर आणि टिबशिरानी या दोघांनी टोरोंटोतल्या ६९९ चालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांकडे मोबाइल होते आणि सगळ्यांना अपघात झालेले होते. फोनची बिलं आणि अपघाताची वेळ ताडून पाहिल्यावर दिसलं की फोन चालू असताना अपघाताचा धोका चौपटीच्या आसपास होता. हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यात काही सूट मिळाल्याचं दिसलं नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातून जवळजवळ तोच निष्कर्ष आला. यूटा विद्यापीठाचे डेव्हिड स्ट्रेयर यांनी याचं कारण दाखवलं: फोनवर गुंतलेला माणूस समोर पाहत असतो, पण पाहिलेलं त्याच्या मनात उतरत नाही. २०१५ मध्ये त्यांच्याच गटाने गाड्यांमधले आवाजी सहायक तपासले. हुकूम देऊन झाल्यावरही लक्ष पूर्ण परत यायला काही यंत्रांच्या बाबतीत २७ सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. ८० च्या वेगाने हे ६०० मीटर होतात.

दुसऱ्या बाजूने व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी खऱ्या गाड्यांत कॅमेरे बसवून महिनोन्‌महिने चित्रण केलं. त्यांना नंबर शोधणं, दाबणं, संदेश लिहिणं यांत मोठा धोका दिसला आणि नुसत्या हँड्सफ्री बोलण्यात फारसा दिसला नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. दोन्ही बाजू एका गोष्टीवर सहमत आहेत, ती म्हणजे हातात फोन घेऊन पडद्याशी खेळणं सगळ्यात वाईट. आपला कायदाही तिथेच बोट ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातात धरून संपर्काचं साधन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात धरलं आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाजाने फोन लावण्याचं कायद्याला वावडं नाही. पण कायद्याने परवानगी दिली म्हणून घाटात वळणावर मालमत्तेच्या वाटणीचा विषय काढावा, असं होत नाही. फोन लावण्याचं काम आवाजाने नक्कीच कमी धोक्याचं होतं, फोनवरचं बोलणं मात्र त्याने आपोआप तसं होत नाही. या विषयावर मला ठामपणे सांगण्यासारखं एवढंच वाटतं.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलण्याचं काय? ड्रूझ, पसुपती आणि स्ट्रेयर यांनी २००८ मध्ये हे तपासलं. सिम्युलेटरमध्ये चालकांना महामार्गावरून पुढच्या विश्रांतिस्थळाशी बाहेर पडायला सांगितलं. मित्र फोनवर असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ते वळण चुकवलं. मित्र शेजारी बसलेल्यांपैकी बहुतेक जण नीट वळले. शेजारच्या माणसाला रस्ता दिसतो. समोर ट्रक आला की तो वाक्य अर्ध्यावर सोडतो, वळण आलं की "इथेच ना?" म्हणतो. फोनवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही, आपण गप्प झालो की तो "हॅलो, ऐकू येतंय का?" असं विचारत राहतो आणि नेमक्या नको त्या क्षणी उत्तर मागतो.

त्याला रस्ता दाखवण्याचा एकच मार्ग आहे, सांगणं. फोन लागल्यावर पहिलंच वाक्य "मी गाडी चालवतोय" असेल तर पलीकडचा माणूस आपोआप मुद्द्यावर येतो, आणि आपण मध्येच गप्प झालो तरी त्याला त्याचं कारण ठाऊक असतं. घरच्यांशी हे एकदा बोलून ठेवता येतं: गाडीतून आलेला फोन फक्त 'निघालो', 'उशीर होतोय', 'दूध आणू का' एवढ्यापुरता, बाकीचं पोचल्यावर. येणाऱ्या संदेशांसाठी फोनमध्येच सोय असते. आयफोनमध्ये २०१७ पासून वाहन चालवतानाची स्थिती चालू केली की सूचना दबून राहतात आणि ठरवलेल्या माणसांना 'गाडी चालवत आहे' असं उत्तर आपोआप जातं. ते उत्तर मराठीत लिहून ठेवता येतं.